नाराज प्रवासी

— नाही गं, अशी हसू नकोस. हे प्रॅक्टिकल नाहीये. हवं तर बघ मागे वळून, दाराआड सर उभे नाहीत, कुणी मार्क लिहीत नाहीये. मी आज खरीखुरी आलेय. अगं, आमचे हे परत आले नाहीत! तुमची ती समुद्राकडची टूर गेली होती ना, ती परवा संध्याकाळी आली — सगळे उतरले, बॅगा उतरल्या, कुणाच्या तरी शंखशिंपल्यांची पिशवी फुटली तेही सगळं गोळा करून झालं — आणि हे नाहीत. मी आपली बसच्या दाराशी उभी. वाटलं, मागच्या सीटवर झोपले असतील, झोप लागली की उठवल्याशिवाय उठत नाहीत. शेवटी ड्रायव्हरने दार ओढून घेतलं आणि मलाच विचारतो, बाई, तुम्हाला कुठे जायचंय? आता काय सांगू मी त्याला?

नको, पाणी नको. ठेव तो ग्लास. मला ठाऊक आहे तो ग्लास कशासाठी असतो — माणूस पाणी पितो तोवर बोलत नाही, तेवढा तुम्हाला विचार करायला वेळ. आता तू आवाज खाली आणशील, म्हणजे माझाही खाली यावा. आणि मग म्हणशील, ‘मॅडम, आपली गैरसोय झाली, मी समजू शकते.’ बघ, तोंड उघडलंसच! अगं बाई, ते वाक्य मला नको गं. तुमच्या आधीच्या बॅचने, तुमच्या बॅचने, नंतरच्यांनी, सगळ्यांनी माझ्याच तोंडावर ते पाठ केलंय. ओ काका, ढकलू नका, आहे ना रांगेत मी, मला नाही का काम? — काय? हो, ओळखते मी हिला. ही पर्यटनाचा कोर्स करत होती ना, त्या कॉलेजात मी लायब्ररीत आहे. आणि ह्यांची तोंडी परीक्षा असते, त्यात एक खोटं काउंटर मांडतात आणि एक नाराज प्रवासी येऊन भांडतो. तो प्रवासी म्हणजे मी. हो, मीच. हसा.

तुला माहीत नसेल, पण ते काम माझं नव्हतंच मुळी. नाटकातला एक माणूस यायचा बाहेरून. एका वर्षी तो आलाच नाही, पोरं घामाघूम होऊन बाहेर बसलेली, आणि सर लायब्ररीत येऊन म्हणतात, बाई, तुम्ही जरा ओरडाल का? मी म्हटलं, मी? मला कुठे येतंय? आणि गेले, आणि काय झालं कुणास ठाऊक — चहा गार, उशी दगडासारखी, खिडकीतून समुद्र दिसेल म्हणालात आणि दिसते भिंत — असा तोंडाचा पट्टा सुटला की समोरचा पोरगा रडकुंडीला आला. सर म्हणाले, बाई, हे तर तुमच्या रक्तातच आहे! तेव्हापासून दर वर्षी मीच. आणि खरं सांगू का, मला आवडायचं ते. का नाही आवडणार? लायब्ररीत तर तोंडावर बोट ठेवायचं, घरी कुणी ऐकायचं नाही — आणि इथे समोरच्याला माझं ऐकून घेण्याचे मार्क मिळतात. सांग, असं सुख कुठे असतं?

तुम्ही लोक मागून मला काय म्हणायचात ते मला माहीत आहे. कटकटबाई. नाही कशी म्हणतेस, फळ्यावर लिहिलेलं वाचलंय मी. असू दे. मी तुझ्याच काउंटरला का आले, विचार. तिकडच्या दोन रांगा लहान होत्या. तुला आठवतं तुझं प्रॅक्टिकल? मी तुझ्यावर ओरडत होते, टेबलावर हात आपटत होते, आणि तू ते गैरसोयीचं वाक्य म्हणायच्या ऐवजी वाकून हळूच विचारलंस, ‘मॅडम, खरंच काय झालंय?’ सरांनी मार्क कापले तुझे, विषय सोडून बोलली म्हणून. मी घरी गेल्यावर कितीतरी वेळ तेच डोक्यात. तसं विचार ना आज. विचार.

— हो. तेच तर सांगतेय. तुमच्या त्या टूर मॅनेजरने माणसं मोजली नाहीत. बस सुटायच्या आधी डोकी मोजायची असतात ना? पहिल्या वर्षाला शिकवतात हे! पुस्तकात जाड अक्षरात छापलंय, ती पुस्तकं मीच देते-घेते. मग एक अख्खा माणूस मागे राहतो म्हणजे काय? उंच, किंचित वाकलेला, डोक्यावर नवीकोरी टोपी — टूरसाठी म्हणून घेतली होती, लहान मुलासारखी घरातसुद्धा घालून बसायचे. असा माणूस दिसत नाही? जिथून उचललंत तिथे आणून सोडणं ही कंपनीची जबाबदारी आहे. आहे की नाही? मग आणा. मला भरपाई नको, पुढच्या टूरचं कूपन नको, आमच्या ह्यांना आणा फक्त.

काय दाखवतेस, मॅनेजरचा रिपोर्ट? त्यात काय लिहिलंय ते नको वाचून दाखवूस. ‘प्रवासी स्वतःच्या इच्छेने’ — बास. बास गं. मला माहीत आहे. त्यांनीच सांगितलं मॅनेजरला, माझी वाट बघू नका म्हणून. मला माहीत आहे, कारण... फोन आला होता. बस यायच्या आदल्या दिवशी. हो, तरीही मी बसपाशी जाऊन उभी राहिले. तू नसतीस राहिलीस?

आता तू म्हणशील, मग बाई भांडायला कशाला आलात. थांब, सांगते. काका, एक मिनिट हो, तुमची टूर काही पळून जात नाही. अगं, फोनवर नीट बोलत होते, आजारी-बिजारी काही नाही. मागे समुद्राचा आवाज. म्हणाले, मी इथेच थांबतोय थोडे दिवस. म्हटलं, थोडे म्हणजे किती? म्हणाले, बघतो. म्हटलं, कपडे? म्हणाले, धुतो. म्हटलं, गोळ्या? म्हणाले, आहेत. म्हटलं, करताय काय तिथे एकटे? तर म्हणाले, काही नाही, धक्क्यावर बसतो. बोटी येतात-जातात त्या बघतो. मग आपणहून म्हणाले, इथे बरं वाटतंय. आता त्यावर काय बोलायचं असतं? मला सांग ना, तुमच्या पुस्तकात आहे काही त्यावर? प्रवाशाला बरं वाटलं तर काय करायचं?

मी काय केलं असेल? मी ओरडले. दुसरं काय येतंय मला! बसच्या तिकिटावरून सुरू केलं, मग टोपी, मग गच्चीतली टाकी वाहतेय ती, मग माझ्या भावाच्या घरचं बोलावणं, मग पार लग्नातलं काय काय. मी म्हटलं, ऐकताय का? म्हणाले, ऐकतोय. मग म्हणाले, ठेवतो. आणि ठेवला. तेव्हापासून मोबाइल बंद आहे. बंदच. मी दर तासाला लावते, ती बाई सांगते बंद आहे, मी तिच्यावरही ओरडते.

— भांडण? कसलं भांडण गं, आमच्यात भांडण कधी झालंच नाही. भांडायला दोन माणसं लागतात. ह्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, पंपाजवळ. त्या घरघरीत बोलायचं कुणाशी? बोलायची सवयच नाही माणसाला. गरीब अगदी. माझी प्रॅक्टिकल जवळ आली की मी सराव करायचे ना, तर जेवणाच्या टेबलाशी ह्यांना बसवायचे — तुम्ही काउंटर, मी प्रवासी. मीच शिकवलं सगळं. पाणी पुढे करा, मान हलवा, मधे बोलू नका, आवाज खाली, आणि मग म्हणा, आपली गैरसोय झाली, मी समजू शकतो. सुरुवातीला किती हसायचो आम्ही! ह्यांना तर हसू आवरायचं नाही, पाणी सांडायचं. फार चांगले दिवस होते ते.

मग काय झालं, ते वाक्य घरातलंच होऊन बसलं. मी म्हणावं, नळ गळतोय — आपली गैरसोय झाली. मी म्हणावं, मुलीचा फोन नाही कितीतरी दिवसांत — मी समजू शकतो. मला वाटायचं, थट्टा करतायत. मीही हसायचे. आणि मग एकदा — म्हणजे आता सांगतेय म्हणून सांगते, कुठे बोलू नकोस — एकदा मी खरंच रडत होते. काही कारण नव्हतं तसं, असतंच असं नाही ना कारण. मी म्हटलं, अहो, तुम्हाला माझं काही ऐकूच येत नाही का? तर हे उठले, पाणी आणलं, माझ्यासमोर ठेवलं, मान हलवली, आणि तेच म्हणाले. तसंच, अगदी शिकवल्यासारखं. हसत नव्हते गं. चेहरा नुसता कोरा, तुझा झाला होता ना मघाशी, तसा. आणि मी काय केलं माहीत आहे? मी डोळे पुसले आणि म्हटलं, दहापैकी आठ.

नको गं, तू नको डोळ्यांत पाणी आणूस, काउंटरवर चालत नाही ते.

ही टूरसुद्धा — इतकी वर्षं ओरडले म्हणून कॉलेजने दिली होती, दोघांची होती. हे म्हणाले, आपण दोघं जाऊ. दोनदा म्हणाले. ह्यांनी एखादी गोष्ट दोनदा म्हणणं म्हणजे किती, तुला कल्पना नाही. आणि मी म्हटलं, अहो, माझ्या परीक्षा आहेत, मी नसले तर पोरांवर ओरडणार कोण? तुम्ही व्हा पुढे. ‘व्हा पुढे’ म्हटलं. तर ते झाले.

मी तुझ्याकडे का आले, सांगू? मला तक्रार करता येते. एवढी वर्षं तीच केली, तीच शिकवली, त्यात मला कुणी हरवू शकणार नाही. पण ‘परत या’ असं म्हणता येत नाही मला. घशाशी येतं आणि बाहेर पडताना तक्रार होऊन पडतं. म्हणून म्हटलं, कंपनीनेच आणावं. गाडी पाठवा, नियम दाखवा, दमदाटी करा — म्हणजे ते चिडून का होईना येतील, आणि मला काही म्हणावं लागणार नाही. तू काउंटरच्या पलीकडे बसतेस ना, तुला दिसत असेल. लोक मागतात कसं गं? न ओरडता, सरळ, हे हवंय म्हणून कसं मागतात? दिवसभर लोक येऊन तुझ्याकडे काहीतरी मागतच असतील की.

— कुणाला लावतेयस? मॅनेजरला? नको, तो काय सांगणार, त्याने तर सांगितलंच... लॉजवर? कुठल्या, ते राहतात त्या? अगं थांब! थांब, मी काही ठरवलं नाहीये, काय बोलायचं ते तर ठरवू दे — वाजतोय? ठेव. नाही, नको ठेवूस. कोण आहे? मालक? विचार त्याला, तो उंच माणूस, टोपीवाला — आहे म्हणतो? बोलवायला गेलाय? अगं बाई. काका, तुम्ही या ना पुढे, तुमचं होऊ दे आधी... नको? बघा, आता नको म्हणतायत, मघापासून ढकलत होते.

दे. इकडे दे. वायर पुरेल ना? — हॅलो. अहो. मी. मी बोलतेय. — कॉलेजातून नाही, टूरवाल्यांकडून, त्यांच्या ऑफिसातून. नाही, नाही, तक्रार नाही केली. म्हणजे केली थोडी. ते जाऊ दे. तुम्ही जेवलात? — बरं. — टाकी... नाही, टाकीचं काही नाही, थांबली ती. सगळं ठीक आहे इकडे. म्हणजे ठीक नाहीये. तसं ठीक आहे, पण नाहीये. मी काय म्हणत होते, अहो... तुम्ही ऐकताय ना? अहो?

अगं, नुसती ती घूंऽ घूंऽ येतेय लाटांची. आता मी काय म्हणू? तू नुसती मान नको हलवूस, तोंडाने सांग ना काहीतरी. नाही, नको सांगूस. मीच म्हणते. केवढंसं तर म्हणायचंय, ह्या रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणते, मला कसली लाज? — अहो. या ना घरी. मला करमत नाही. या.

— हॅलो? हॅलो? — अगं, हे काय वाजतंय? टूं टूं करतंय नुसतं. हे घे, तू ऐक. ठेवला? कधी ठेवला? मी ‘या’ म्हणायच्या आधी, की म्हटल्यावर? — तुला काय माहीत असणार म्हणा, तू तर इकडे होतीस. पण काहीतरी कळत असेल ना यात, कधी तुटला ते? नाही कळत?

नको. परत नको लावूस. आता पुन्हा म्हणता यायचं नाही मला. बोलाव त्या काकांना. बोलाव, कधीचे उभे आहेत.