दिव्यानीच्या चिपले कुंकू

नाई, पन भाऊ, कुंकवात वाईट काय असते, तुमीच सांगा! जलमभर वडशाच्या नाटक कंपन्यांत लाईट मारून राह्यलो मी, पत्रू लाईटवाला... डिमरच्या, म्हनजे उजेड कमी-जास्त कराच्या बोर्डाले कुंकू लावल्याबिगर एक बत्ती नाई पेटवली कधी, राजाचा दरबार असो का हिरोईनचं मरन! आता आमची पोरगी दिव्यानीबी लाईटच्याच लाईनीत, पन तिचा डिमर चिपवर! नखाएवढी चिप, तिच्यात उजेडाच्या वाटा, आन् वाटेवर ग्राफिन... म्हनजे पेन्सिलीच्या शिशाचा पापुद्रा, एका अणूएवढा जाड! व्होल्टेज बदललं का उजेड गिळते, पुन्हा बदललं का सोडते, एका सेकंदात अब्जावधी वेळा! माझा डिमर उचलाले दोन मानसं लागतेत. सांगा, मानसानं समजावं तरी कसं?

त्या दिवशी चंद्रपूरच्या एका कॉलेजात ती मोठ्या सरांले हे चालवून दाखवनार होती. चाललं तं पुढं काम, नाई तं बंद. मले म्हने, "बाबा, इथीच बसा, हात नोका लावू," आन् गेली सरांले आनाले. मी हात कुठी लावलो? कुंकू लावलो! चिमूटभर! खेळ पोरीचा, पूजा कोन करन?

चिप चालेचना! सर घड्याळ पाहून राह्यले, पोरगी घामाघूम. चिप मायक्रोस्कोपखाली धरली, तं त्याले जोडलेल्या टीव्हीवर लाल-लाल धोंडे! मी म्हनलो, "हे डोंगर कोनते वं?"

"बाबा, हे तुमच्या कुंकवाचे कन. माझा डिमर त्यातल्या एकाखाली दबला."

अंगावर काटा आला भाऊ! फुंकलं का उडते तो कन, तिथी डोंगर! केवढ्याशा जगात माझी पोर लाईट मारून राह्यली... छाती भरून आली, आन् लाजबी वाटली. मानसानं समजावं तरी कसं?

नशीब, दुसरी चिप होती. मले मात्र हॉलच्या बाहेर काढलं! दाराच्या काचेतून पाह्यलो... आत सर उभे राह्यले, टाळ्याच टाळ्या! पन मले उजेडाचा ठिपकाबी दिसेना. दिव्यानी बाहेर आली, डोळ्यांत पानी, तोंडावर हासू.

"पोरी, मले तं काईच नाई दिसलं!"

"बाबा, आतबी कोनाले नाई दिसलं. तो उजेड मानसाच्या डोळ्याले दिसतच नाई, मशीनलेच समजते!"

घ्या! न दिसनाऱ्या उजेडाले टाळ्या... आन् चांगल्या दिसनाऱ्या बापाले दाराबाहेर!