मास्तर नसलेलं स्टेशन

जपानचं स्टेशन मी भिवंडीत बसून पाहिलंय. आमच्या कापड कारखान्यात नवे लूम, म्हणजे यंत्रमाग, बसवायला आलेल्या जपानी मिस्त्रीने त्याच्या गावच्या स्टेशनचा फोटो दाखवला. इवलंसं स्टेशन, बाकावर फुलं, माणूस एकही नाही.

मी विचारलं, “मास्तर किधर?”

“मास्तर नहीं.”

“फिर गाडी?”

“रुकती. फूल गाववाला रखता.”

याच कारखान्यात लूम चालवणारा माझा दादा वारून महिनाही झाला नव्हता. त्याच्या लूमला कोणी हात लावत नव्हतं. म्हटलं, मास्तर नसताना स्टेशन चालतं, मग दादाचा लूम का बंद? तडक जाऊन चालू केला. आडवा धागा घेऊन पळणारा आतला धोटा उडून बाहेर आला आणि समोर उभ्या मालकांच्या हातातला चहाचा ग्लास फुटला.

मालक म्हणाले, “तुझ्या भावानेही पहिल्या दिवशी माझा ग्लासच फोडला होता. लाव लूम परत!”