अन्वरचा अल्बम कुवेतला जातो

आमच्या मिरजोळ्याच्या अन्वरला त्याच्या कॅसेटीबद्दल तुम्ही विचाराच! गिटार घेऊन, स्वतः रचलेली रॉक गाणी त्यानं पडवीत बसून टेप केली. सगळा अल्बम त्या एकाच कॅसेटीत. तेव्हा आखातात पत्रांऐवजी बोललेल्या कॅसेटी जायच्या. अम्मीनं आपली बोललेली समजून नेमकी हीच कुवेतला थोरल्या मुलाकडे धाडली!

अन्वरला घास गोड लागेना. थोरल्यानं गाणी पुसून त्यावरच उत्तर टेप केलं तर?

शेवटी भाईजान सुट्टीवर आले, कॅसेट जशीच्या तशी. अन्वरचा जीव भांड्यात पडला.

"गाणी कशी वाटली, भाईजान?"

"गाणी राहू देत रे. मधेच अम्मी कोंबड्यांवर ओरडते ना, तेवढंच रोज लावायचो. पुढच्या वेळी गिटार कमी कर, कोंबड्या वाढव."