सहा चॅनेलचा कौल

गोव्यात केरीच्या धक्क्यावर तेरेखोलच्या फेरीबोटीची वाट बघत होतो. पुढच्या स्कूटरवर नवरा-बायको, आणि दोघांच्या मधे रिमोटवर उडणाऱ्या ग्लायडरचे लांबलचक थर्माकोलचे पंख.

"अहो, ग्लायडरला इंजिनच नाही. वळवायचं नि वर-खाली करायचं. चार चॅनेलचा रिमोट पुरे होता."

"मागच्या वेळी हेच म्हणालीस. स्वस्तातला घेतला, रेंज संपली, नि तेरेखोलच्या किल्ल्यावरून सोडलेलं विमान थेट हद्दीपलीकडे महाराष्ट्रात!"

"रेडीच्या पाडेल्याने माडावरून नारळांबरोबर उतरवून दिलं की."

"म्हणून यंदा देवीला कौल लावला. भटजी थक्क! म्हणाले, लग्नाचे लावले, जमिनीचे लावले, रिमोटाचा हा पहिलाच."

"देवीला नेमकं काय विचारलंत?"

"सहा चॅनेलचा, लांब रेंजचा घेऊ काय? शब्द पुरा व्हायच्या आत मूर्तीला चिकटवलेली उजवी पाकळी खाली! उजवी म्हणजे होकार. आता तू बोलायचं नाहीस."

"मी कुठं बोलते? कौल मोडू नये."

"मोडला तर देवी कोपते."

"कोणाचाही मोडला तरी?"

"कोणाचाही. हसतेस काय गो?"

"तुम्ही बाहेर चपला शोधत होतात ना, तेव्हा मीही एक लावला."

"तू? काय विचारलंस?"

"नव्या रिमोटवर पहिलं उड्डाण मी करू काय?"

"डावी पडली असणार."

"फेरी लागली बघा. रिमोट द्या इकडे."