पाणी भरायला उतरले तेव्हा

टेम्पोवाला : बसा, ताई. बस जाऊन दहा मिनिटं झाली. ती काही मागे फिरायची नाही.

लेक : मी दुसरी बघते.

टेम्पोवाला : दुसरी दीड तासाने आहे. तुम्हीच म्हणालात ना, वडील बसमध्ये एकटे आहेत, त्यांच्या काही लक्षात राहत नाही?

लेक : ते मी हॉटेलवाल्याला सांगत होते. तुम्ही कशाला ऐकत होतात?

टेम्पोवाला : चहा पीत होतो. कान काय घरी ठेवून येऊ?

लेक : तुम्हाला जायचंय कुठे?

टेम्पोवाला : रंगाचे डबे पोचवायचेत. उलट्या बाजूला.

लेक : मग माझ्यासाठी इकडे कशाला येताय?

टेम्पोवाला : बसायचं तर बसा. उत्तर शोधत बसलो तर बस हातची जाईल.

(टेम्पो रस्त्याला लागतो.)

लेक : दार आतून उघडतं ना?

टेम्पोवाला : उघडतं. चालत्या गाडीत उघडू नका, एवढंच. हा घ्या फोन. घरी गाडीचा नंबर कळवा.

लेक : म्हणजे माझ्या भावाचा नंबर तुमच्याकडे राहणार.

टेम्पोवाला : बोलून झालं की पुसून टाका.

लेक : ... दादा, मी बोलतेय. बाबा बसमध्ये पुढे गेलेत, माझी पर्स, फोन सगळं तिथेच. कंडक्टरने विचारलं असेल सगळे आले का, आणि बाबा हो म्हणाले असतील. मी एका टेम्पोत आहे, नंबर लिहून घे... नाही, ओळखीचा नाही. ठेवते.

टेम्पोवाला : नंबर पुसलात?

लेक : पुसला. अहो, इकडे का वळलात? बस सरळ गेलीय.

टेम्पोवाला : ती गावातून फिरून येते. आपण कालव्याच्या कडेने पुढे काढू.

लेक : इथे चिटपाखरू नाही. थांबवा गाडी.

टेम्पोवाला : ही थांबवली. उतरा हवं तर. पण वडील मध्येच कुठे उतरले म्हणजे?

लेक : उतरतील. कोणी नुसतं 'चला' म्हटलं तरी उठतात ते.

टेम्पोवाला : मग?

लेक : ... चला.

टेम्पोवाला : तुमच्याकडेच असतात का?

लेक : चार वर्षं. आता दादाकडे सोडायला चाललेय. मला झेपत नाही.

टेम्पोवाला : हं.

लेक : बाटलीत पाणी होतं. मी उगाच उतरले. पाच मिनिटं एकटीने उभं राहायचं होतं, बस.

टेम्पोवाला : लागतात तेवढी. माझी आई अंथरुणावर होती तेव्हा मी टेम्पो पुसत बसायचो. पुसलेलाच पुन्हा.

लेक : ती बघा. तीच. निळ्या पट्ट्याची.

टेम्पोवाला : गाडी आडवी घालतो. थांबली की पळा.

लेक : तुमचं नाव तरी—

टेम्पोवाला : कंडक्टर ओरडतोय, ताई. जा.

(बसमध्ये.)

बाबा : किती वेळ लावलास. तुझी पर्स धरून हात अवघडला माझा.

लेक : द्या इकडे. घाबरलात?

बाबा : छे. तो टेम्पोवाला कोण?

लेक : माहीत नाही.

बाबा : माहीत नाही आणि त्याच्या गाडीत बसलीस?

लेक : तुम्ही पुढे निघून गेला होतात, बाबा.