गुडघ्यात आलेला सूर्य

आमी मूळ बुलढाण्याकडचे, कोरडवाहू शेती, पेरनी म्हनाल तं मृगावर, अन् मृग लागला हे सासऱ्यायले आंगनात बसूनच कळे, कसं ते मले आजवर नाही समजलं. मालक गेल्यावर पोरानं मले इकडं अमेरिकेत, हर्नडनले आनलं. इथं काय सांगू तुमाले, पानी कवाही पडते. सून म्हने, आई, वेदर टीव्हीवर सांगतात. आता टीव्ही बोलते इंग्रजी, मी काय समजू?

खालच्या घरात एक म्हातारी पोरा-सुनेसंगं राहाले आली, अफगाणिस्तानातल्या डोंगरातली ताजिक, रशियाची फौज घुसली म्हनून पळून आलेली. सगळे तिले बीबी म्हनत, मीही म्हने. तिची भाषा मले येत नाही, माही तिले, पन जमीन म्हनलं, दाना म्हनलं, हवा म्हनलं का दोघीयले समजे. ती रोज उन्हाकडं बोट करे अन् गुडघ्याले हात लावे. मले वाटलं गुडघा दुखते बिचारीचा, म्या तेल कढवून नेलं, तिनं चोळलं बी. मंग मांडी दाखवू लागली, मंग कंबर. मी घाबरली, पोराले म्हनलं, बापू, हिचं दुखनं वर चढून राह्यलं, डॉक्टरकडं ने. त्यानं तिच्या सुनेले इंग्रजीत इचारलं अन् हसतच सुटला. म्हने आई, त्यांच्या गावात सूर्य मानसाच्या अंगातून चढते, हिवाळा सरला का पायाच्या नखात, मंग गुडघ्यात, मंग वर, अन् त्यावरून नांगरनी-पेरनी. तिकडं कोन्या शिखराआडून ऊन निंघते ते पाहून ठरवत. इथं शिखर कुठं, समोर पार्किंग. सूर्य कुठवर आला हे तिलेच समजेना, म्हनून ती मले इचारत होती. मले!

तिच्यापाशी गावचं खरबुजाचं बी होतं, फडक्यात गाठ मारून आनलेलं, मूठभर बी नसन. हिवाळा सरत आला तशी ती म्हने आता पेरू, म्या म्हनलं थांब, मृग येऊ दे. अर्धं तिनं घरामागं पेरलं, उगवलं, अन् एका सकाळी गारठ्यानं सारं काळं पडलं. मातीतच बसून रडली. उरलेलं तिनं माह्या हातात देल्लं. म्या मृगात टाकलं, सुनेनं कॅलेंडर पाहून सांगतलं तवा, वेल झाला, एक फळ धरलं, अन् ते पिकायच्या आत थंडी आली. आता चूक तिची का माही, तुमीच सांगा बाई. बीबीनं ते कच्चंच कापलं, अर्धं मले देल्लं. काकडीसारखं लागलं. मीठ लावून खाल्लं आमी.

मंग तिच्या पोराले क्यालिफोर्नियात काम लागलं, गेले ते. तिथं म्हने खरबूज पिकते. आता मी बाल्कनीत उभी राह्यली का नात इचारते, आजी, व्हॉट आर यू लुकिंग ॲट? मी उन्हाकडं बोट करते अन् गुडघ्याले हात लावते. बीबी असन तिथं सुखात असो.