आपल्या बाजूचं शून्य

...देतो हो, किल्ली देतो, पळून नाही चाललो. शिडी चढून धाप लागलीय तुम्हाला, आधी टेका जरा. त्या पालथ्या बादलीवर बसा, सेक्रेटरीसाहेब — खुर्ची इथे एकच. अठ्ठावीस वर्षं या स्कोअरबोर्डच्या पोटात बसून पाट्या बदलतोय मी, एकदा कुणी वर आलं नाही, आणि आज बरे आलात! कालचं म्हणाल तर कालच सांगितलं मी तुमच्या माणसांना. आपल्या बाजूची शून्याची पाटी गंजून खिळ्याला चिकटली होती. निघता निघेना. का गंजली? हे तुम्ही मला विचारताय? अख्ख्या सीझनमध्ये घरच्या मैदानावर भोपळा फुटला नाही, मग ती पाटी काढायची कुणी आणि कशाला? पाहुण्यांच्या बाजूचा खिळा बघा — कसा चकचकीत घासून निघालाय! आणि ही आपली, बघा, ओढून दाखवतो, जोर लावला तरी... निघाली. आज निघाली हो. काल नव्हती निघत.

काय? हां, ते. पाहुण्यांच्या बाजूला एक कसा लागला, ते. गडबडीत लागला. अकरा मिनिटं होता — मला माहितीये ना, अकरा मिनिटं. मैदानावर आपण जिंकत होतो आणि बोर्डावर हरत होतो. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते, मला वाटलं नेहमीचंच, टीमला हसतायत. शेवटी चहावाला शिडीखाली येऊन बोंबलला तेव्हा कळलं. — खुर्ची? खुर्चीचं काय? भिंतीकडे तोंड करून आहे, तर? ऊन येतं डोळ्यांवर. हो, ढगाळ होतं काल, ठाऊक आहे. बरं, नाही येत ऊन. या बाजूला कधीच येत नाही. झालं समाधान?

पाचव्या मॅचपासून मी मैदानाकडे पाठ करून बसतो. बघवत नाही मला, बस्स. पास द्यायला येत नाही, धावायला येत नाही, आणि पडले की दोन-दोन मिनिटं उठायचे नाहीत — कशाला बघायचं? काम आवाजावर चालतं. लोक ओरडले की गोल, आणि गोल म्हणजे समोरच्यांचा. जल्लोष कुणाचा ते कळत नाही का म्हणता? अहो, आपले लोक उरलेत कुठे! निम्मं स्टँड पाहुण्यांनीच भरतं. एकदाही चुकलो नव्हतो. कालपर्यंत.

तुम्ही नवीन आहात, तुम्हाला काय सांगू? आमच्या हिचं ऑपरेशन होतं, त्याच दिवशी फायनल. ही आत टेबलावर आणि मी इथे. तीन-दोन जिंकलो. याच फळ्यांवर नाचलो मी, एक फळी मोडली, ती बघा, अजून तशीच आहे. शुद्धीवर आली तेव्हा पहिला प्रश्न काय विचारला असेल तिनं? ‘जिंकलो का?’ ‘जिंकलात का’ नाही हं — ‘जिंकलो का’! फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं तिला. आणि या सीझनला, चौथ्या मॅचला... सकाळीच म्हणाली होती, आज नका ना जाऊ, बरं वाटत नाहीये. म्हटलं, आलोच दोन तासांत. चार-शून्य हरलो. घरी गेलो तर विचारायलाच कुणी नव्हतं. चार-शून्यसाठी, साहेब! जिंकले असते तर निदान — निदान काय? काही नाही. तरीही ती नसतीच.

मी काय बडबडतोय तुमच्यापुढे? ही घ्या किल्ली. लावा तुमचा विजेचा बोर्ड, त्याला पाठ फिरवता येत नाही. मला काही सोयरसुतक नाही आता, हरा नाहीतर जिंका. थांबा जरा. गोल... कसा झाला हो? पायानं की डोक्यानं? म्हणतात, त्या जाड्या बॅकनं मारला, ज्याला आयुष्यात कधी — नको. सांगू नका. मिटा तोंड! नको म्हटलं ना. पाठ मीच केली होती.

उतरताना तिसरी पायरी निखळलीय, जपून. आणि दार ओढून घ्या.